ताप अंगावर घेण्याआधी

आदिलाबादजवळच्या आमच्या मावल्यात जमिनीचा कागद कसा हाताळतात, ते सांगायला नको. कुणी सहीसाठी कागद पुढे केला की माणूस आधी सर्व्हे नंबर विचारतो. कागद घरी आणतो, तेलुगू वाचणाऱ्या पोराला समोर बसवतो, आदिलाबादला वकिलाला दाखवतो, जमीन नोंदींच्या धरणी पोर्टलवर, आता भू भारतीवर, नोंद बघून येतो आणि मगच पेन हातात धरतो. दोन एकर कापसाच्या रानासाठी एवढी खातरजमा होते. अंगाचा कागद आला, की मात्र तोच माणूस ‘डॉक्टरसाहेब म्हणतायत ना’ म्हणत पाचव्या मिनिटाला सही करून मोकळा होतो.

ही कृती त्या पाच मिनिटांचे तीन दिवस कसे करायचे, याची आहे.

अंगाचा कागद म्हणजे वैद्यकीय चाचणीचं संमतीपत्र. राष्ट्रीय महामार्ग 44 धरून मावल्याहून दक्षिणेला सुमारे तीनशे किलोमीटर गेलं की हैदराबाद येतं. औषधं आणि लशी बनवणाऱ्या देशातल्या मोठ्या शहरांपैकी ते एक. तिथल्या चाचणी केंद्रांना धडधाकट माणसं लागतात, आणि कामाच्या शोधात शहरात गेलेल्या तरुणांपर्यंत ही बातमी ओळखीपाळखीतून पोहोचते. या चाचण्यांतला सर्वांत वेगळा प्रकार म्हणजे निरोगी माणसाला ठरवून, मोजून, देखरेखीखाली आजाराचे जंतू देणं, म्हणजे संसर्ग अभ्यास. इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च, म्हणजे आयसीएमआरनं, 2023 मध्ये अशा अभ्यासांसाठी धोरण मांडलं. तोवर आजच्या पद्धतीचा असा अभ्यास भारतात झालेला नव्हता. दार आता किलकिलं झालंय, तेव्हा उंबऱ्यावर उभं राहून काय बघायचं, ते आधीच ठरवलेलं बरं.

असं कुणी मुळात का करतं? याचं उत्तर तेलंगणातच आहे. हैदराबादच्या भारत बायोटेकनं टायफॉइडची नवी लस बनवली. ती उपयोगी पडते की नाही, हे बघायला गावंच्या गावं वर्षानुवर्षं पाहत बसण्याऐवजी इंग्लंडात ऑक्सफर्डला निरोगी प्रौढ स्वयंसेवकांनी टायफॉइडचे जिवंत जंतू पिण्याचं कबूल केलं. निकाल 2017 मध्ये छापून आला. टायफॉइडची लस न दिलेल्या 31 जणांपैकी 24 जणांना टायफॉइड झाला. ही लस दिलेल्या 37 जणांपैकी 13 जणांना झाला. म्हणजे संरक्षण साधारण 55 टक्के. पुढे जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि 2018 मध्ये नवी मुंबई महापालिकेनं ती सरकारी मोहिमेत मुलांना टोचली. हैदराबादेत बनलेल्या लशीसाठी ताप सोसला इंग्लंडच्या माणसांनी, आणि दंड पुढे केला नवी मुंबईच्या पोरांनी. तेव्हा ‘आम्ही काय उंदीर आहोत?’ एवढं म्हणून हा विषय झटकता येत नाही. देणाऱ्यानं कोणत्या अटींवर द्यायचं, हे मात्र विचारता येतं, आणि विचारलंच पाहिजे.

साहित्य

संमतीपत्र आणि माहितीपत्रक, दोन्ही मराठीत. एक दोनशे पानी वही. इंटरनेट असलेला फोन. घरातलं एक हट्टी माणूस, शक्यतो आई. गावातलं एक जाणतं माणूस, ज्याला या चाचणीतून एक रुपयाही मिळणार नाही. जुने दवाखान्याचे कागद. डिजिटल थर्मामीटर.

लागणारा वेळ: किमान तीन दिवस. ‘आजच ठरवा, उद्या जागा भरतील’ असं कुणी म्हटलं तर कृती तिथेच थांबवावी आणि घरी यावं.

पायरी 1: कागद कोणत्या जातीचा, ते ओळखा

चाचण्या ढोबळमानानं तीन तऱ्हेच्या असतात. पहिलीत रुग्णाला नवं औषध देतात, त्याला गुण येण्याची निदान आशा तरी असते. दुसरीत धडधाकट माणसाला औषधाची गोळी देऊन ठरावीक वेळाने रक्त काढतात आणि कंपनीची गोळी मूळ औषधाइतकीच रक्तात उतरते का, ते मोजतात. हैदराबादेत निरोगी लोकांना बोलावणं येतं ते बहुधा यासाठी. तिसरीत माणसाला आजारच देतात.

तीनही कागदांवर शिक्का, सही, इंग्रजी मजकूर सारखाच दिसतो. म्हणून पहिला प्रश्न सरळ विचारा: ‘तुम्ही मला औषध देणार की जंतू?’ आणि उत्तर वहीत लिहा. सांगणारा आडवळणानं बोलला, ‘थोडंसं इन्फेक्शनसारखं’ असं काही म्हणाला, तर त्याला पुन्हा विचारा. चांगला संशोधक या प्रश्नाला बिचकत नाही. हा प्रश्न आपणहून पुढे ठेवणं हे त्याचं कामच आहे.

तिसऱ्या जातीचा कागद असेल तर एक गोष्ट मनाशी पक्की करा. यात तुमचा कुठलाही आजार बरा होणार नाही. तुम्ही इथे रुग्ण नाही, देणारे आहात. ‘मोठे डॉक्टर फुकट तपासतील, अंगाला चांगलंच होईल’ हा समज घेऊन कुणी निघालं असेल तर त्याला इथेच परत बोलवा.

पायरी 2: आजार कोणता आणि उतारा कोणता, ते विचारा

या अभ्यासांचा पाया एकच: ज्या आजारावर हमखास उतारा हाताशी आहे, तोच द्यायचा. मलेरियाचे जंतू देतात ते प्रयोगशाळेत जपलेले, नेहमीच्या औषधाला दबणारे. रक्तात ते दिसू लागले की लगेच औषध सुरू. 1997 मध्ये अमेरिकेत मलेरियाच्या आरटीएस,एस लशीची अशीच पारख झाली. लस घेतलेल्या सात स्वयंसेवकांच्या एका गटाला मलेरियाचे डास चावू दिले, आणि त्यातले सहा जण आजारापासून वाचले. लस पुढे नेण्याजोगी आहे, हे एवढ्या थोड्या माणसांवरून दिसलं. पटकीच्या एका लशीला अमेरिकेत 2016 मध्ये परवाना मिळाला, तोही मुख्यतः अशा अभ्यासाच्या आधारावर.

याच देशात याच्या फार आधी काय झालं, तेही माहीत असावं. 1942 मध्ये स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या संशोधकांनी काळा आजार वाळूमाशी चावल्यानं पसरतो हे आसामात सिद्ध केलं. पाच स्वयंसेवकांना जंतू असलेल्या वाळूमाश्या चावू दिल्या, आणि पाचही जणांना काळा आजार झाला. शोध मोठा, यात वाद नाही. पण काळा आजार उपचारावाचून जीव घेतो आणि त्या काळची इंजेक्शनं स्वतःच जड होती. आजची समिती असा प्रस्ताव सहजासहजी पुढे जाऊ देणार नाही.

वहीत तीन रकाने आखा: आजार, उतारा, उतारा नाही चालला तर दुसरा उतारा. तिसरा रकाना रिकामा राहिला तर सही नाही.

पायरी 3: नोंद तपासा

जमिनीला सर्व्हे नंबर, तसा चाचणीला नोंदणी क्रमांक. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, म्हणजे सीटीआरआय, ही सरकारी नोंदवही 2007 पासून आहे आणि 2009 पासून औषधांच्या चाचण्यांना तिच्यात नोंद सक्तीची आहे. क्रमांकाची सुरुवात सीटीआरआय या अक्षरांनी होते, पुढे वर्ष, महिना आणि आकडे. वेबसाइटवर हा क्रमांक टाकला की चाचणीचं नाव, पैसा कुणाचा, कोणत्या दवाखान्यात, किती माणसं, कोणत्या वयाची, सगळं उघडतं. पैसे लागत नाहीत.

चार गोष्टी जुळवून बघा: चाचणीचं नाव, दवाखान्याचं नाव, प्रमुख डॉक्टरांचं नाव आणि वयाची अट. आयसीएमआरच्या धोरणात संसर्ग अभ्यासासाठी 18 ते 45 वयाचे निरोगी प्रौढच अभिप्रेत आहेत. मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांना त्यात जागा नाही. तुमचं वय 50 आणि एजंट म्हणतो ‘आधारवर बघून घेऊ’, तर एजंट खोटा आहे, हे तिथेच कळलं.

दुसरा क्रमांक एथिक्स कमिटीचा. हिला मराठीत नैतिकता समिती म्हणतात. औषध चाचण्यांच्या 2019 च्या नियमांप्रमाणे तिच्यात किमान सात माणसं लागतात, त्यात एक बाई आणि एक वैद्यकशास्त्राबाहेरचा सामान्य माणूस हवाच. समितीच्या सचिवाचं नाव आणि फोन माहितीपत्रकावर छापलेला असतो. त्या नंबरावर घरूनच एकदा फोन लावा. उचलतात का, आणि उचलल्यावर काय बोलतात, यावरून पुष्कळ कळतं.

पायरी 4: कागद मराठीत मागा आणि घरी आणा

आदिलाबाद भागात घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत तेलुगू, असा आपला तिहेरी संसार. बोलता तिन्ही भाषा येतात, पण ‘गुंतागुंत’, ‘माघार’, ‘नुकसानभरपाई’ हे शब्द ज्या भाषेत पोटात उतरतात ती एकच. संमतीचा कागद माणसाला कळणाऱ्या भाषेत असायला हवा, हा नियम आहे; कुणी केलेली मेहेरबानी नव्हे. ‘तेलुगू येतंय की तुम्हाला’ असं कुणी म्हटलं, तर ‘बोलता येतं, सही करण्याइतकं येत नाही’ असं सांगावं.

वाचता येत नसेल तर चाचणीशी संबंध नसलेला निःपक्ष साक्षीदार सगळं ऐकायला हजर हवा, आणि सही त्याचीही हवी. अंगठा हा काही कमी दर्जाचा नाही. मात्र न ऐकता दिलेला अंगठा आणि कोरा कागद यांत फरक नाही.

हा मुद्दा उगाच ताणलेला नाही. 2009 मध्ये आपल्याच खम्मम जिल्ह्यात, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, 10 ते 14 वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस अभ्यासाचा भाग म्हणून टोचली गेली. त्यातल्या पुष्कळ जणी वसतिगृहात राहणाऱ्या आदिवासी मुली होत्या. पुढे संसदेच्या समितीनं 2013 मध्ये संमतीपत्रांचा हिशोब मांडला: पाहिलेल्या 9,543 कागदांपैकी 1,948 वर नुसते अंगठे, आणि 2,763 कागदांवर आईबापांच्या जागी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. लस चांगली की वाईट, हा त्या प्रकरणातला प्रश्नच नव्हता. ज्यांचं लेकरू, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. म्हणून ही पायरी गाळू नका. तुमच्या वतीनं दुसरा कुणी, मग तो मुकादम असो, घरमालक असो की सख्खा मामा असो, सही करू शकत नाही.

पायरी 5: आईची परीक्षा द्या

कागद स्वतः दोनदा वाचा. मग मिटवून ठेवा आणि न बघता आईला समजावून सांगा. ती विचारेल, ‘पोरा, ताप येणार हे त्यांना ठाऊक आहे, मग देतात कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर तिला पटलं नाही तरी चालेल. तुम्हाला देता आलं पाहिजे. अडखळलात, तर ज्या ओळीपाशी अडखळलात ती वहीत उतरवा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तेच.

आणखी आठ प्रश्न प्रत्येकानं विचारावेत. ताप किती दिवस, किती चढेल? मी राहणार कुठे, दवाखान्यात की बाहेर? रात्री दोनला फोन कुणी उचलेल? रक्त एकूण किती काढणार? माझं रक्त पुढे किती वर्षं ठेवणार आणि कशाला वापरणार? माझं नाव कुणाकुणाला कळेल? यातून कायमचं काही मागे राहू शकतं का? आणि आधी ज्यांनी हे केलं, त्यांच्यापैकी कुणाला सर्वांत वाईट काय झालं?

शेवटच्या प्रश्नाला ‘काहीच नाही’ हे उत्तर आलं, तर माणूस एक तर नवखा आहे, नाहीतर लपवतोय.

पायरी 6: तब्येतीबद्दल खरं बोला

चाळणीत नापास झालो तर पैसे बुडतील म्हणून लोक जुने आजार लपवतात. इथे तो खोटेपणा अंगाशी येतो, आणि आपल्या भागात तर जास्तच.

आदिलाबाद पट्ट्यात, विशेषतः गोंड, कोलाम, परधान वस्त्यांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलचा अर्धा गुण अंगात असलेल्या माणसाला मलेरिया सौम्य होतो, त्यामुळे चाचणीचं गणितही चुकतं आणि माणसाचा धोकाही वेगळा होतो. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेतलं कार्ड घरात असेल तर सोबत न्या. नसेल तर आधी तपासणी करून घ्या.

दुसरी तपासणी जी6पीडीची. हे रक्तातलं एक द्रव्य. ते कमी असलेल्या माणसाला मलेरियाची प्रायमाक्विन गोळी दिली तर तांबड्या पेशी फुटून लघवी काळपट होऊ शकते. व्हायव्हॅक्स जातीच्या मलेरियाचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. त्यांना मुळासकट काढायला सहसा हीच गोळी देतात. म्हणून व्हायव्हॅक्सचा अभ्यास असेल तर जी6पीडीचा निकाल हातात आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

टायफॉइडच्या अभ्यासात पित्ताशयाकडे बघा. टायफॉइडचे जंतू पित्ताशयात, त्यातही खडे असतील तर, ठाण मांडतात, आणि माणूस स्वतः ठणठणीत राहून दुसऱ्यांना आजार वाटत फिरतो. पोटात खडे आहेत असं कधी सोनोग्राफीत दिसलं असेल, तर ते सांगाच.

मागच्या तीन महिन्यांत दुसऱ्या कुठल्या चाचणीला गेला असाल, तर तेही सांगा. रक्तदानात पुरुषांना तीन महिन्यांची आणि बायकांना चार महिन्यांची विश्रांती देतात, ती काही उगाच नाही. एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात फिरणाऱ्या माणसाच्या अंगात कुठलं औषध कशाला भिडेल, ते कुणीच सांगू शकत नाही.

पायरी 7: घरच्यांचा हिशोब मांडा

संमती एकट्याची असली, तरी जंतू एकट्याचे राहत नाहीत. टायफॉइड हातातून आणि पाण्यातून पसरतो. ऑक्सफर्डच्या स्वयंसेवकांना रोज तपासत, हात धुण्याचे काटेकोर नियम घालून देत, आणि मलात जंतू उरले नाहीत याची खात्री झाल्यावरच सोडत. घरात तान्हं मूल असेल, किमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल, किंवा तुम्ही हॉटेलात, मेसमध्ये, अंगणवाडीच्या स्वयंपाकात हात घालत असाल, तर टायफॉइडच्या अभ्यासाला नाही म्हणा.

मलेरियाचं गणित वेगळं. तो हातातून पसरत नाही, त्याला डास लागतो. फाल्सिपेरम जातीच्या जंतूचं डासाला लागण करणारं रूप तयार व्हायला दहा-बारा दिवस लागतात. म्हणून अभ्यासात त्याआधीच औषध देऊन रक्त साफ करतात. पण औषध पूर्ण व्हायच्या आत कुणी सणासाठी म्हणून मावल्याला निघून आला, तर? इथे तलाव आहे, पावसाळ्यात खड्ड्याखड्ड्यांत पाणी आहे, आणि मलेरियाचे डास आपल्याकडे उपरे नाहीत. एका पाहुण्याबरोबर शेजारच्या चार घरांना ताप येऊ शकतो. तेव्हा अभ्यासाच्या तारखा पोळा, दसरा, लग्नसराई आणि कापूस वेचणीशी ताडून बघा. ज्या महिन्यात तुम्हाला गावी यावंच लागणार आहे, त्या महिन्यात हे काम घेऊ नका.

पायरी 8: पैशाचा कागद वेगळा वाचा

ऑगस्ट 1897 मध्ये रोनाल्ड रॉस सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधत होता. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण त्याला डास चावू देई, आणि दर डासामागे रॉस त्याला एक आणा देई. 20 ऑगस्टला त्याच डासांपैकी एकात रॉसला जंतूचा माग लागला. 1902 मध्ये नोबेल मिळालं रॉसला. हुसेन खानाच्या हाती पडले ते आणे. तेलंगणातल्या या जुन्या हिशोबावरून एवढंच घ्यायचं: चावून घेतल्याचा भाव आणि त्यातून जे निघतं त्याचं मोल यांचा मेळ कधीच बसत नाही. म्हणून भावाकडे बघून ठरवू नका.

पैसे तीन तऱ्हेचे असतात. पहिले वेळेचे: बुडालेली मजुरी, प्रवास, जेवण. हे एथिक्स कमिटीनं मंजूर केलेले असतात. मधेच माघार घेतली तर झालेल्या दिवसांचे मिळतात का, ते लिहून घ्या. दुसरे उपचाराचे: चाचणीमुळे काही झालं तर औषधपाणी फुकट, आणि ते किती काळ, हेही लिहून घ्या. तिसरे भरपाईचे.

2019 च्या नियमांत औषध आणि लशीच्या चाचणीतल्या मृत्यूसाठी भरपाईचं सूत्र ठरवून दिलं आहे. आठ लाख रुपये मूळ रक्कम. तिला वयाचा आकडा आणि धोक्याचा आकडा यांनी गुणायचं आणि 99.37 नं भागायचं. धोक्याचा आकडा अंथरुणाला खिळलेल्या, शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णासाठी अर्धा, आणि निरोगी स्वयंसेवकासाठी सर्वांत जास्त, म्हणजे चार. पंचवीस वर्षांच्या तरुणाचा वयाचा आकडा 216.91. गुणाकार-भागाकार केला तर सुमारे 69 लाख 85 हजार येतात. हा आकडा लोभासाठी सांगत नाही. धडधाकट माणसाच्या जिवाची सर्वांत जड किंमत कायद्यानंच धरली आहे, तेव्हा ‘काही झालंच तर बघून घेऊ’ असं सांगणाऱ्याला हे सूत्र दाखवावं. संसर्ग अभ्यासात ही भरपाई कोण देणार, विमा कोणत्या कंपनीचा आणि किती रकमेचा, हे माहितीपत्रकात छापलेलं हवं. तोंडी आश्वासनाला शून्य गुण.

आणि एक साधी कसोटी. पैसे मिळणार नसते, नुसतं भाडं मिळालं असतं, तर गेलो असतो का? उत्तर ठाम ‘नाही’ असेल, तर डोक्यावरचं कर्ज तुमच्या वतीनं सही करतंय. घरी बसा, कर्जाची दुसरी वाट बघू.

पायरी 9: सही आणि त्यानंतरचे दिवस

सही चाचणी केंद्रातच होते, पण ठरलेलं असतं घरी. सही करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं घाला. मागून कुणाला घालू देऊ नका. सही केलेल्या कागदाची आणि माहितीपत्रकाची प्रत तिथेच मागून घ्या. ती तुमची आहे.

टायफॉइडच्या अभ्यासात आधी पोटातलं आम्ल मारण्यासाठी सोड्याचं पाणी देतात आणि मग जंतू मिसळलेलं पेय. मलेरियात एक तर डास चावू देतात, नाहीतर इंजेक्शन. पुढचे दोन आठवडे रोज रक्त, रोज ताप, रोज नोंद. थर्मामीटर ठरलेल्या वेळी लावा आणि आकडा खरा लिहा. ताप आल्यावर ‘एवढ्यात सांगितलं तर काढून टाकतील’ म्हणून पॅरासिटामॉल घेऊन झाकू नका. झाकलेला ताप चाचणीचंही वाटोळं करतो आणि माणसाचंही. घरचं एक माणूस रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी फोन करील, अशी व्यवस्था लावा. दोनदा फोन उचलला नाही तर त्यानं केंद्राच्या नंबरावर फोन करायचा, हेही आधीच सांगून ठेवा.

पायरी 10: माघार घ्या, उपचार सोडू नका

कधीही, कारण न देता, माघार घेता येते. पण इथे एक बारीक मेख आहे. गोळीच्या चाचणीतून माणूस उठून घरी येऊ शकतो. जंतू पोटात गेल्यावर नुसतं उठून येता येत नाही. अभ्यास सोडला तरी उतारा पूर्ण घ्यायचा: टायफॉइड असेल तर प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स, मलेरिया असेल तर शेवटच्या गोळीपर्यंत. संमतीपत्रात ‘माघार घेतल्यास उपचार केंद्रच पूर्ण करील’ हे वाक्य शोधा. नसेल तर सहीआधी लिहून घ्या.

घरी आल्यावर ताप, काविळीची झाक, काळपट लघवी, अंगावर पुरळ, यांतलं काहीही दिसलं तर कागद हातात घेऊनच दवाखान्यात जा. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात गेलात तर पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मला अमुक तारखेला अमुक जंतू दिले होते.’ हे न सांगता नुसता ‘ताप’ सांगितला, तर डॉक्टर साधा पावसाळी ताप धरून चालतील. केंद्रानं हात झटकले तर एथिक्स कमिटीला लेखी कळवा. तिथूनही दाद लागली नाही, तर केंद्र सरकारच्या औषध नियंत्रण संस्थेचं, सीडीएससीओचं, विभागीय कार्यालय हैदराबादेतच आहे.

पायरी 11: कागद जागेवर ठेवा

ही पायरी सोपी वाटते, पण सर्वांत जास्त गळते तीच. पाच वर्षांनी कुणी विचारलं, की तेव्हा अंगात काय गेलं होतं, तर आठवण कामाची नसते, कागद असतो. संमतीपत्राची प्रत, माहितीपत्रक, तपासण्यांचे निकाल, प्रवासाची तिकिटं आणि ती दोनशे पानी वही हे सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आणि पिशवी ठेवा तिथे, जिथे पट्टादार पासबुक ठेवता. पत्र्याच्या पेटीत, आईच्या लुगड्याखाली.

त्या जागेवरून घरात सगळ्यांनाच कळतं, की हा कागदही जमिनीइतकाच मोलाचा आहे.